अडीच वाजताचं बेअरिंग

न्हवतं घेतलं, आनंदा. त्या दिवशी अडीच वाजता मी बेअरिंग न्हवतंच घेतलं.

झालं सांगून. एवढंच तर तू विचारायचास. इतकी वर्षं विचारलंस, कधी हसत, कधी दातओठ खाऊन, कधी नुसतं डोळ्यांनी. आणि मी दर वेळी सांगितलं, "घेतलंतं की." आता तू जाऊन अकरा दिवस झाले आणि खरं तोंडातून निघालं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. सकाळपासून हे लिहायला या टेबलाशी चारदा बसलो नि चारदा उठलो. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा गॅलरीचं दार लावायला, दोनदा तर उगीचच. बायको वैतागून म्हणाली, "अहो, एका जागी बसा की जरा! व्यालेल्या मांजरागत ह्या खोलीतनं त्या खोलीत काय चाललंय तुमचं?" मी म्हणालो, काही नाही, पाय मोकळे करतोय.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. सांगितल्याशिवाय माझं मलाच खरं वाटेना.

आपण दोघं नौदलात एकाच दिवशी लागलो. तू गारगोटीकडचा, मी कोल्हापुरातला, तालमीच्या बोळातला. पोहायला दोघंही विहिरीत शिकलेलो, समुद्र दोघांनीही कॅलेंडरवर बघितलेला. पहिल्या सफरीत जहाज हलायला लागलं तसा मी आतडी बाहेर येईस्तोवर ओकलो. तू माझं कपाळ धरून उभा होतास. म्हणालास, "ओक मर्दा, ओक. समुद्र मोठा हाय, भरायचा न्हाय." एवढ्या हालात मला हसू आलं. तुझ्या ट्रंकेत आईनं दिलेली चटणीची बरणी होती. मेसच्या पिवळ्या पाण्यासारख्या आमटीवर तू ती चिमूट चिमूट टाकायचास, आधी माझ्या ताटात, मग तुझ्या. बरणी संपली तेव्हा तिच्यात गरम पाणी घालून खळखळवलंस आणि ते लाल पाणीही आपण भातावर ओतून खाल्लं. तसं जेवण मी नंतर कुठल्या हॉटेलात जेवलो नाही.

मला आता तो रविवार सांगायचा आहे आणि मी चटणीवर घोळतोय. बघ, अजूनही पळवाट शोधतोच आहे.

दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली. आपलं जहाज एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकून उभं होतं. दुपारी बारा ते चार आपल्या दोघांची पाळी. तू जहाजाच्या नाकाशी, जिथून नांगराची साखळी पाण्यात उतरते तिथं. मी वर ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीत. तुझं काम साखळीवर लक्ष ठेवायचं. साखळी गप असली तर नांगर तळाला घट्ट आहे. ती थरथरायला लागली, ढिली पडून हिसके द्यायला लागली, की समजायचं नांगर सुटला, तळावरून फरफटत चाललाय. माझं काम दर अर्ध्या तासाला बाहेरच्या कठड्याशी जायचं, होकायंत्रातून किनाऱ्यावरच्या तीन खुणा बघायच्या, दीपगृह, देवळाचा कळस आणि टेकडीचं टोक, आणि त्या कोणत्या दिशेला दिसतात ते लॉगच्या वहीत लिहायचं. त्यालाच आपण बेअरिंग घेणं म्हणायचो. खुणा जागेवर तर जहाज जागेवर. इतकं सोपं काम. आठ पावलं जायचं आणि आठ पावलं यायचं.

तुझ्या वडलांचं पत्र आदल्या दिवशी आलेलं. भात काढून झालं, रानात नांगर धरलाय, असं लिहिलेलं. झालं, तेव्हापासून तुला दुसरा विषय नव्हता. जेवताना म्हणालास, "बाळ्या, आमच्यात नांगर चाललाय, आणि मी हितं नांगर राखत बसलोय. आमच्या बाला नांगर थांबला की घोर लागतोय, आणि हितल्या सायबाला नांगर चालला की घोर लागतोय. सांग बघू, शाणा कोण?" मी ठसका लागेस्तोवर हसलो. आपल्या भाषेनं दोन्हीला एकच नाव ठेवलंय, त्याला कोण काय करणार! रानातला चालला पाहिजे, समुद्रातला चालता कामा नये. पाळीवर गेल्यावरही तुझं तेच. नाकापासून ब्रिजपर्यंत एक फोन होता. त्यावर इंग्रजीत, ठरलेल्या शब्दांतच बोलायचं असा नियम होता. पण एका तारेच्या दोन टोकांना दोन कोल्हापूरकर बसल्यावर कसला नियम नि कसलं काय! तू फोन करायचास, "एव्हाना वरचं रान झालं असंल." मी म्हणायचो, "बैलांस्नी पाणी दाव की मग." आणि खिदळत फोन ठेवायचो.

दोननंतर वारा फिरला. पाणीही उलटलं. जहाज साखळीवर गोल वळून दुसरीकडं तोंड करून उभं राहिलं. असं वळतानाच नांगर उपटायचा धोका असतो. आभाळ स्वच्छ, वादळ नाही, काही नाही. साहेब शेजारच्या खोलीत नकाशावर काही करत होते. जेवण अंगावर आलेलं. अडीच वाजले. मी घड्याळ बघितलं, दोन वाजताची ओळ बघितली, आणि बसल्या जागी तेच आकडे खाली उतरवले. नुसते उतरवले नाहीत. एका आकड्यात एक अंश वाढवला, खरं वाटावं म्हणून. अरे, आळस कुणीही करतं. पण त्या एका अंशाला आळस म्हणता येत नाही. तो मी डोकं चालवून घातला होता.

पाचएक मिनिटांनी फोन वाजला. तू म्हणालास, "बाळ्या, नांगर चाललाय!"

मी म्हणालो, "चालू दे की लेका! सांजपातुर सगळं रान उरकू दे."

आणि हसत फोन ठेवला.

तुझा आवाज वेगळा होता का? अठ्ठावीस वर्षं मी तो आवाज कानात फिरवून फिरवून ऐकतोय. कधी वाटतं, होता, घाबरा होता. कधी वाटतं, नव्हता. पण आवाज कसाही असता तरी मी बाहेर कठड्याशी गेलो असतो तर देवळाचा कळस दीपगृहाच्या पार पलीकडं गेलेला मला उघड्या डोळ्यांनी दिसला असता. तू परत फोन केलास तेव्हा मी त्याच फोनवरून खालच्या मजल्याला चहाचं सांगत होतो, लाइन गुंतलेली. तू शिट्टी मारलीस, हात हलवलेस. मी खाली बघितलंच नाही. मग तळातून आवाज आला, पत्र्याचं रिकामं पिंप फरशीवरून ओढत न्यावं तसा, लांबच्या लांब. साहेब धावत आले. जहाजाचा मागचा भाग खडकावर चढला होता.

कुणी मेलं नाही. या एका गोष्टीला धरून मी इतकी वर्षं काढली. पंखा वाकला, सुकाणू गेलं, दुसऱ्या भरतीला दोन जहाजांनी ओढून आपल्याला बाहेर काढलं. आणि मग चौकशी बसली.

तुला कारण सांगतो, माफी मागत नाही. त्याच महिन्यात मी बढतीची परीक्षा पास झालो होतो आणि आमच्या वडलांनी तालमीत पेढे वाटले होते. बस. एवढंच कारण. पेढे खाल्लेल्या पन्नास तोंडांची मला भीती वाटली. साहेबांनी विचारलं, नांगर सुटल्याची खबर आली का? मी म्हणालो, "नाही साहेब. फोन आला होता, पण गावाकडच्या गप्पांचा." बघ, कसं बोललो! धड खोटंही नाही नि धड खरंही नाही. अडीचचं बेअरिंग घेतलंस का? "घेतलं साहेब, वहीत आहे." वही सुबक होती. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं. तुला विचारलं, कोणत्या शब्दांत खबर दिलीस? तू छाती काढून सांगितलंस, "नांगर चाललाय, असं बोललो सायब." त्यांच्यातल्या मराठी कळणाऱ्या एकानं बाकीच्यांना त्याचा अर्थ सांगितला, आणि तो सांगता सांगताच त्यालाही तो विनोद वाटला.

निकालात लिहिलं होतं की पहारेकऱ्याचं पुरेसं लक्ष नव्हतं. लक्ष नव्हतं, एवढंच. तेच वाक्य बंदरावरून निघून मुदाळ तिट्ट्याला येईस्तोवर "डुलकी लागली" झालं, आणि तुझ्या गावच्या वेशीत शिरताना "झोपला आणि जहाज घालवलं" झालं. तुझी बढती अडकली ती अडकलीच. मुदत संपल्यावर तू घरी आलास. मी दोन पायऱ्या वर चढलो, पुरी नोकरी केली, कॉलनीत आज मला लोक "साहेब" म्हणतात.

पाच वर्षं तू माझं तोंड बघितलं नाहीस. बरोबर केलंस. मग आमचे वडील गेले तेव्हा तू न बोलावता आलास, तिरडी बांधायला बसलास, खांदा दिलास, आणि जाताना स्मशानाच्या दारात मला विचारलंस, "बाळ्या, एवढंच सांग. बेअरिंग घेतलंतंस काय?" बापाची राख गरम होती रे अजून. मी म्हणालो, "घेतलंतं." तू मान हलवलीस आणि मोटारसायकलला किक मारलीस. त्यानंतर तू येत राहिलास, मी येत राहिलो. आपलं परत जमलं कसं, हे मला कधी कळलं नाही. मी जमू दिलं, कारण मला तू हवा होतास. तुझं काय होतं ते तुलाच माहीत.

इचलकरंजीच्या सूतगिरणीत तू गेटवर लागलास. तिथल्या माणसांनी तुझं नाव "क्याप्टन" ठेवलं. झोपून जहाज घालवलं आणि आता वॉचमन झालाय, असं म्हणून लोक हसायचे, आणि त्यांच्या आधी तू हसायचास. पण तुझी पाळी! दर तासाला कंपाउंडला पूर्ण फेरी आणि मग नोंद. बाकीचे वॉचमन पाळी सुरू होतानाच आठ तासांच्या आठ ओळी लिहून मोकळे व्हायचे, "सर्व ठीक, सर्व ठीक." तुला सुपरवायझर म्हणाला, तू पण तसंच कर, कोण बघतंय? तू म्हणालास, "बघितल्याबिगर लिवायची मला सवय न्हाय." तो चिडला, तुझी पाळी बदलली, महिनाभर बोलला नाही. हे तू मला गेटसमोरच्या टपरीवर चहा पिताना सांगत होतास. तू मुद्दाम सांगत होतास की सहज, मला ठरवता येईना. आजूबाजूच्या यंत्रमागांची ती धडधड, जोरात बोलल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. म्हणून पुढचं वाक्य तू माझ्या कानाशी येऊन बोललास.

"मी बघत हुतो तुला. अडीचला तू भाईर आलाच न्हाईस."

मी म्हणालो, "मग चौकशीत का न्हाय सांगितलंस?"

तू म्हणालास, "तू सांगशील म्हणून थांबलो."

आनंदा, माणसाला शिवी द्यावी, कानफटात मारावी, पण असं बोलू नये. आणि त्यावर मी काय म्हणालो आठवतंय? म्हणालो, "आलतो मी भाईर. तुला दिसलं नसंल." त्यावर तू टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितलेस. मला तुझा तेव्हा असा राग आला होता! अजूनही येतो. एकदा तरी माझी गचांडी धरली असतीस तर मी सगळं ओकलो असतो. तुला माहीत होतं मी किती ओकतो ते.

महापुराच्या वर्षीचंही तसंच. मी दोन दिवसांसाठी तुझ्याकडं आलेलो आणि रस्ता बंद झाल्यामुळं अडकलो. वेदगंगा वाढत होती. तालुक्याहून निरोप आला, पाणी आता उतरेल, घाबरू नका. गाव निवांत झालं. तू झाला नाहीस. नदीकडच्या बोळात एक विजेचा खांब आणि त्याच्या मागं मारुतीच्या देवळाची पायरी, या दोन खुणा तू धरल्यास, विटेच्या तुकड्यानं खांबावर रेघ मारलीस, आणि मला म्हणालास, दर अर्ध्या तासाला बघून ये. मी गेलो, आनंदा. देवाशपथ प्रत्येक वेळी गेलो, गुडघाभर चिखलात गेलो. परत येऊन सांगायचो, "चार बोटं चढलंय." तू म्हणायचास, "बरं," आणि चप्पल घालून स्वतः बघायला जायचास. तिसऱ्या वेळी मी भडकलो. "माझ्यावर इस्वास न्हाय तर मला धाडतोस कशाला?" वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांना कळेना की एवढ्याशा गोष्टीवरून दोन म्हातारे एकमेकांच्या अंगावर का जातायत. तू शांतपणे म्हणालास, "एकानं बघून भागत न्हाय बाळ्या. पाणी हाय हे."

दुपारी तू गावात फिरून जनावरं सोडायला लावलीस. लोक कुरकुरत गेले, म्हशी, रेडकं, कोंबड्या घेऊन वरच्या शाळेत. संध्याकाळी बोळात छातीएवढं पाणी होतं. दोन घरांच्या भिंती बसल्या आणि आत एक कोंबडीसुद्धा नव्हती. त्यानंतर महिनाभर गावात कुणी तुझ्या झोपेचा विषय काढला नाही. मग परत सुरू झालं. थट्टा होती, मायेची होती, म्हणून तर कुणाला थांबवता येत नव्हतं.

दवाखान्यात तुला शेवटचा भेटलो तेव्हा मी उत्तर तयार ठेवून आलो होतो. जिना चढताना घोकत होतो. तू विचारशील, "घेतलंतंस काय?" आणि मी म्हणेन, "न्हाय." एक शब्द. तू मला बघून नळी लावलेला हात वर केलास आणि विचारलंस, "जेवलास काय?" मी म्हणालो, "जेवलो." मग म्हणालास, आमची स्नेहल शिकवते ती शाळा लांब पडते, तिला स्कूटर चालवायला शिकव, तिची आई घाबरते. मी म्हणालो, शिकवतो. मग तू डोळे मिटलेस. अर्धा तास मी स्टुलावर बसलो. तू विचारलं नाहीस. पहिल्यांदाच विचारलं नाहीस. आणि मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं. त्या हलकेपणाची लाज अजून अंगावरून जात नाही. न विचारताही सांगता येतं, हे एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी तुझं रक्षाविसर्जन. रक्षा नदीत न सोडता तुमच्याच रानात पसरली, वर आंब्याचं रोप लावलं. मग रिवाजाप्रमाणं चार जण बोलायला उभे राहिले. तुमच्या भावकीतले आप्पा म्हणाले, "आनंदा म्हंजे लाख माणूस. आता नेव्हीत असताना लागला एकदा डोळा, गेलं जहाज खडकावर, पर आमच्यासाठी देवमाणूस!" लोक हसले, डोळे पुसत हसले. स्नेहल वहिनींच्या शेजारी उभी होती. तिनं मान खाली घातली. तुझी पोर, आनंदा, पंचवीस वर्षांची, शाळेत शिकवणारी, आणि बापाच्या मातीवर उभी राहून तिला खाली बघावं लागलं. आप्पा म्हणाले, "बाळासाब, तुमी बोला. तुमी तर जहाजावरच हुता." मी उभा राहिलो. शंभर माणसं होती. मी म्हणालो, "आनंदासारखा मित्र पुन्हा होणे नाही," आणि बसलो. चौकातल्या बॅनरवर छापतात तसलं वाक्य.

तेव्हापासून माझं बूड टेकत नाही. पाचव्या दिवशी स्टँडवर जाऊन गारगोटी गाडीत बसलो, इस्पुर्लीला उतरलो आणि माघारी आलो. सातव्या दिवशी मुदाळ तिट्ट्यापर्यंत गेलो. तिथं दोन चहा घेतले, एका पावण्याला उगीच उसाचं टनेज विचारलं, परत फिरलो. घरी मुलाला आडून आडून विचारलं, एखादी जुनी चूक असेल, माणूस गेला असेल, तर? तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "आता कशाला उकरायचं, बाबा?" त्याचंही बरोबरच आहे. त्याला काय माहीत काय पुरलंय ते.

परवा नवव्या दिवशी पोचलो. दुपारची वेळ. स्नेहल पुढच्या सोप्यात पेपर तपासत बसलेली, वहिनी आत. मी म्हणालो, "स्नेहल, पेपर जरा बाजूला ठेव बाळ." आणि सांगितलं. फोन सांगितला, वही सांगितली, एक अंश सांगितला. चौकशी सांगितली. बोलताना दोनदा थांबून मी पाण्याच्या तांब्याकडं बघितलं. तिनं पाणी दिलं नाही.

"म्हणजे बाबा झोपले नव्हते?"

"न्हाय."

"जरासुद्धा?"

"न्हाय गं बाई. त्या जहाजावर त्या वक्ताला त्यो एकटाच जागा हुता."

ती बराच वेळ हातातल्या लाल पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिली. मग म्हणाली, "दहावीत असताना वर्गातली पोरं मला बघून घोरायची. मी एकदा घरी येऊन बाबांना बोलले. म्हटलं, तुम्ही झोपला नसता तर माझ्यावर ही वेळ आली नसती. ते जेवत होते. ताट सरकवलं, हात धुतला, आणि म्हणाले, 'मी येऊ का उद्या शाळेत, पोरांस्नी सांगायला?' मी म्हटलं, नको, तुम्ही येऊच नका." तिचा आवाज चढला. "काका, 'मी झोपलो नव्हतो' एवढं ते का नाही म्हणाले हो मला?"

मला उत्तर ठाऊक होतं. टपरीवर तू माझ्या कानाशी येऊन सांगितलेलं. पण ते तिला सांगायला तोंड उघडेना. तू म्हणाला असतास तरी कोण ऐकणार होतं? त्याला माझी साक्ष लागत होती, आणि मी एवढी वर्षं तुझ्याच घरी बसून पाऊसपाण्याच्या गप्पा मारत होतो.

"आता मी सॉरी कुणाला म्हणू?" स्नेहलनं विचारलं. मला नाही, भिंतीकडं बघून विचारलं. आणि मग रडली. तू गेलास त्या दिवशी आणि रक्षाविसर्जनाला ती इतकी रडली नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तिनं डोकं बाजूला घेतलं. माझा हात तसाच हवेत राहिला.

तुझं नाव मी घेतलं, तुझी बढती घेतली, हे मला ठाऊक होतं. हे मी रोज मोजत आलो होतो. पण तुझ्या पोरीचं तुझ्याशी असलेलं बोलणंही मी घेतलं, हे मला परवा कळलं.

वहिनी आतल्या दाराशी उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक. हाताला पीठ होतं, ते त्या सावकाश पदराला पुसत होत्या.

म्हणाल्या, "हे झोपलं न्हवतं, ते मला लग्नाच्या पैल्या म्हैन्यातच कळलंतं. पाल चुकचुकली तरी उठून बसनारा मानूस त्यो. खोटं कोन बोलतंय, तेवढं कळत न्हवतं."



"तुमी आलासा की मी ह्यांच्या आदी तुमचं ताट वाढायची," त्या म्हणाल्या.

मी उठलो. चपला घातल्या, त्याही उलट्या पायात, परत काढून घातल्या. अंगणात आलो तेव्हा मागून हाक आली. इतकी वर्षं त्यांनी मला "भावजी" म्हटल्याशिवाय हाक मारली नव्हती. परवा नुसतंच म्हणाल्या, "ऐका."

मी वळलो.

"बाराव्याला या. जेवायला न्हाय, सांगायला. परवचनाचा माईक लावलेला असतोय."